शांततेने कायदा मोडणाऱ्याला जादा शिक्षा का? : कायदे करणाऱ्या लोकप्रतिनिधींना खुले पत्र

प्रति,
संसदा आणि विधिमंडळे यांचे सर्व सन्माननीय सदस्य

सादर नमस्कार.

ज्या प्रवृत्तीविषयी मी लिहीत आहे ती एका देशापुरती उरलेली नाही, म्हणून हे पत्र कोणा एका सभागृहाच्या नावे नाही. ब्रिटनच्या संसदेने २०२२ मध्ये सार्वजनिक उपद्रवाचा जुना गुन्हा नव्याने लेखी कायद्यात आणला, त्याला दहा वर्षांपर्यंतची कैद ठेवली, आणि तो रस्त्यावर बसणाऱ्या निदर्शकांवर लावला जाऊ लागला. पुढच्याच वर्षी तिथे स्वतःला एखाद्या वस्तूशी जखडून घेऊन अडथळा आणणे हा स्वतंत्र गुन्हा ठरला. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याने २०२२ मध्ये मोठे रस्ते, पूल आणि बंदरे यांच्या वाहतुकीत अडथळा आणणाऱ्यांसाठी दोन वर्षांपर्यंत कैद आणि २२ हजार डॉलरपर्यंत दंड आणला. नुसत्या स्वतःच्या शरीराने रस्ता अडवणे हे इटलीत पूर्वी प्रशासकीय दंडाने मिटणारे उल्लंघन होते. २०२५ मध्ये ते फौजदारी गुन्ह्यात गेले, आणि असे करणारे एकाहून अधिक असतील तर शिक्षा दोन वर्षांपर्यंत जाऊ शकते. या सगळ्या विधेयकांच्या समर्थनार्थ जवळपास एकच वाक्य ऐकू येते : शांततेने केला तरी कायदेभंग समाजाला घातकच असतो. हे वाक्य मला मान्य नाही, आणि ते मुकाट्याने मान्य झालेले पाहणे त्याहून जड जाते.

मी चळवळीतला माणूस नाही. उमेदीची सगळी वर्षे मी न्यायालयात कारकून म्हणून काढली. प्रकरणाचा रोजनामा लिहिणे, आरोपींची नावे पुकाऱ्यासाठी शिपायाकडे देणे, जामिनाचे कागद तपासणे, दंडाच्या पावत्या फाडणे, हे माझे काम. कायद्याचा मान राखणे हा माझ्या भाकरीचाही भाग होता, म्हणून कायदा मोडणाऱ्यांचे कौतुक करण्याची सवय मला कधी लागली नाही. तरीही जमावबंदी मोडली म्हणून धरून आणलेली माणसे समोर उभी राहिली की त्यांचा वेगळेपणा लपत नसे. बाकीचे आरोपी ‘मी तिथे नव्हतोच’ असे सांगत. ही माणसे, गुन्हा कबूल आहे का असे विचारल्यावर, ‘होय, आम्ही तिथे बसलो होतो’ असे सरळ सांगत. एकदा अशाच एका गटात वयस्कर बायका होत्या. त्यांच्या पायाशी कापडी पिशव्या होत्या आणि त्यांत बदलायची लुगडी, औषधांच्या गोळ्या आणि चष्म्याची घरे होती. तुरुंगात जायच्या तयारीनेच त्या घरातून निघाल्या होत्या. जातमुचलक्यावर सोडतो म्हटल्यावर त्यांनी सही करायला नम्रपणे नकार दिला, कारण ‘पुन्हा असे करणार नाही’ हे लिहून देणे त्यांना खोटे वाटत होते. न्यायाधीशांनी कायद्यात होती तेवढी शिक्षा दिली. त्यांनी ती घेतली. त्या दिवशीचा रोजनामा लिहिताना कायद्याची अप्रतिष्ठा झाली असे मला वाटले नाही.

नुकसान होते, हे मी नाकारत नाही. मी ते आपल्यापैकी अनेकांपेक्षा जवळून पाहिले आहे. रास्ता रोको असलेल्या एका दिवशी एका खटल्यातला साक्षीदार वेळेत पोहोचू शकला नाही, तारीख पुढे गेली, आणि जामिनाला कोणी नसलेला एक कच्चा कैदी त्यामुळे आणखी काही आठवडे आत राहिला. त्या आंदोलनाशी त्याचा सुतराम संबंध नव्हता, आणि आंदोलन करणाऱ्यांना तो अस्तित्वात आहे हेसुद्धा माहीत नसेल. शांततामय कायदेभंगाची झळ पुष्कळदा अशाच त्रयस्थाला लागते, आणि जो गरीब असतो त्याला ती अधिक लागते. ही किंमत दृष्टीआड करून सत्याग्रहाची महती गाणाऱ्यांशीही माझे जमत नाही. रस्ता अडवला तर आजाऱ्याच्या गाडीला वाट करून द्यावी, आणि ज्याच्याकडे मागणी आहे त्याच्या दारात बसावे, निरपराध्याच्या वाटेत नव्हे, अशी माझी आंदोलकांनाही विनंती आहे. हे नुकसान डोळ्यांना दिसते म्हणून आपण त्यावर कायदे करता. पण ज्या अन्यायाविरुद्ध कोणी उठतच नाही, त्याचे नुकसान कुठल्याच रोजनाम्यात येत नाही, आणि आपल्या नव्या कायद्यांनी नेमके हेच न दिसणारे नुकसान वाढणार आहे.

आता माझ्या तक्रारी.

पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार अशी, की एकाच कृत्याला, ते निषेध म्हणून केले एवढ्याच कारणाने, आपण अधिक शिक्षा ठेवू लागला आहात. फौजदारी न्यायात हेतू पाहिला जातो, आणि तो पाहावाच. पण आजवर हेतू सार्वजनिक असणे, त्यात स्वतःचा लाभ नसणे, या गोष्टी शिक्षा हलकी करण्याकडे झुकत. आता त्या शिक्षा वाढवण्याच्या कामी येत आहेत. हा प्रयोग जगात पूर्वी झालेला आहे आणि त्याचा शेवटही आपल्यासमोर आहे. दक्षिण आफ्रिकेत २६ जून १९५२ रोजी वर्णभेदी कायद्यांविरुद्ध अवज्ञेची मोहीम सुरू झाली. स्वयंसेवक गोऱ्यांसाठी राखलेल्या दारांतून रेल्वे स्थानकांत शिरत, कृष्णवर्णीयांना सतत जवळ बाळगावा लागणाऱ्या परवान्याशिवाय फिरत, संचारबंदीच्या वेळेत रस्त्यावर येत, आणि पोलीस आले की शांतपणे गाडीत चढत. काही महिन्यांत आठ हजारांहून अधिक लोक तुरुंगात गेले. ज्या नियमांचा त्यांनी भंग केला त्यांच्या शिक्षा किरकोळ होत्या, आणि तीच त्या सरकारची अडचण झाली. म्हणून १९५३ मध्ये तिथल्या संसदेने एक दुरुस्ती कायदा केला : कोणताही कायदा, कितीही क्षुल्लक असो, निषेध म्हणून मोडला तर तीन वर्षांपर्यंत कैद, तीनशे पौंडांपर्यंत दंड आणि दहा फटक्यांपर्यंत शिक्षा. घाईत चुकून गोऱ्यांच्या दारातून शिरलेल्याला एक न्याय, आणि तेच दार अन्यायाचे आहे म्हणून जाणूनबुजून ओलांडणाऱ्याला दुसरा.

मोहीम मोडली, हे खरे. सरकारला वाटले असेल, कायदा यशस्वी झाला. पुढे २१ मार्च १९६० रोजी शार्पव्हिल येथे परवाना कायद्याविरुद्ध जमलेल्या निःशस्त्र लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात ६९ माणसे मेली, आणि काही आठवड्यांतच अवज्ञेच्या मोहिमेतली प्रमुख संघटना असलेल्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेसवर बंदी आली. डिसेंबर १९६१ मध्ये त्याच चळवळीतून सशस्त्र संघटना उभी राहिली. १९६४ मध्ये आरोपीच्या जागी उभे राहून नेल्सन मंडेला यांनी न्यायालयाला जे सांगितले त्याचा आशय असा होता, की शांततेच्या सर्व वाटा कायद्याने बंद केल्यावरच आम्ही या वाटेला लागलो. अवज्ञा मोडून काढणाऱ्या त्या संसदेला सुव्यवस्था मिळाली नाही. तिला आणखी तीन दशकांचा संघर्ष मिळाला. आपले देश तेव्हाच्या दक्षिण आफ्रिकेसारखे आहेत असे मी म्हणत नाही. तिथे बहुसंख्य प्रजेला मताचा अधिकारच नव्हता, आपण निवडून आलेले आहात. पण म्हणूनच मला विचारावेसे वाटते, की तशा राजवटीने वापरलेले हत्यार निवडून आलेल्या सभागृहाला का लागावे?

दुसरी तक्रार तयारी आणि बोलणे यांविषयी आहे. लंडनभोवतीच्या महामार्गावर नोव्हेंबर २०२२ मध्ये झालेल्या निदर्शनांची आखणी एका ऑनलाइन बैठकीत केली म्हणून पाच जणांना जुलै २०२४ मध्ये चार ते पाच वर्षांची कैद झाली. अपिलात ती कमी झाली, तरी वर्षांच्याच हिशेबात राहिली. त्या निदर्शनांनी हजारो प्रवाशांचे हाल झाले आणि शिक्षा व्हायलाच हवी होती. पण मारामारी करून माणसाचे हाड मोडणाऱ्याला पुष्कळदा याहून कमी शिक्षा झालेली मी माझ्या टेबलावरून पाहिली आहे. शिक्षांमधले हे प्रमाण बिघडले की तरुण माणूस त्यातून जे शिकतो ते भयंकर असते : उघडपणे, नाव सांगून, हात न उगारता केले तरी इतकेच, मग लपून केलेले काय वाईट?

तिसरी तक्रार न्यायालयाच्या आतली आहे, म्हणून ती माझ्या फार जवळची आहे. आपण हे का केले हे सांगायची मुभा आरोपीला आता कुठे कुठे नाकारली जाते. लंडनच्या एका न्यायालयात २०२३ मध्ये, ज्युरींसमोर हवामानबदलाचा उल्लेख करू नये असा आदेश असताना तो केला म्हणून एका निदर्शकाला न्यायालयाच्या अवमानाबद्दल आठ आठवड्यांची कैद झाली. हेतू हा बचाव होऊ शकतो की नाही, हा प्रश्न वेगळा. तो न्यायाधीशांनी ठरवावा. पण आरोपीला बोलू न देणे हा न्यायालयाचा कमकुवतपणा दिसतो. अहमदाबादेत १८ मार्च १९२२ रोजी गांधीजींवर त्यांच्या लेखांबद्दल राजद्रोहाचा खटला चालला तेव्हा त्यांनी गुन्हा कबूल केला, सरकारविरुद्धचे आपले सविस्तर निवेदन भर न्यायालयात वाचले, आणि कठोरात कठोर शिक्षा मागितली. न्यायाधीश ब्रूमफिल्ड यांनी ते सगळे ऐकून घेतले. टिळकांना १९०८ मध्ये झालेल्या शिक्षेचा दाखला देत त्यांनी सहा वर्षांची साधी कैद सुनावली, आणि पुढे सरकारला ती कमी करता आली तर आपल्याइतका आनंद कोणाला होणार नाही असेही सांगितले. परक्या सत्तेच्या न्यायाधीशाने आरोपीला बोलू दिले आणि कायदाही राबवला. दोन्ही गोष्टी एकाच दुपारी झाल्या.

चौथी तक्रार थोडक्यात सांगतो. नव्या कायद्यांत ‘अडथळा’, ‘व्यत्यय’, ‘उपद्रव’ असे शब्द इतके सैल असतात की दगड मारणारा आणि मांडी घालून बसणारा एकाच कलमाखाली येतात. ही सरमिसळ अहिंसा पाळणाऱ्यावर अन्याय करते आणि न पाळणाऱ्याला आडोसा देते.

आपल्या बाजूने जे सर्वांत वजनदार बोलले जाते, त्याला मी बगल देणार नाही. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सविनय कायदेभंग, असहकार आणि सत्याग्रह हे मार्ग आता सोडून द्यावेत असे सांगितले, आणि त्यांना अराजकाचे व्याकरण म्हटले. मी हे भाषण गंभीरपणे घेतो, कारण ते करणाऱ्याने स्वतः सत्याग्रह केलेले होते. पण त्या भाषणातली अट अर्धीच सांगितली जाते. घटनात्मक मार्ग खुले नव्हते तेव्हा इतर मार्गांना बरेच समर्थन होते. ते खुले असताना समर्थन उरत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. म्हणजे बोजा दोन्ही पक्षांवर आहे. नागरिकाने आधी घटनात्मक मार्ग धरायचा, आणि सत्तेने तो खरोखर खुला ठेवायचा.

घटनात्मक मार्ग कागदावर खुला असणे आणि प्रत्यक्षात खुला असणे यांत किती अंतर असते, हे महाडच्या चवदार तळ्याइतके क्वचितच कुठे दिसते. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत असा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये संमत केला होता. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे खुले केल्याचा ठरावही केला. तरीही तीन वर्षे ते पाणी दलितांच्या ओंजळीत आले नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब लोकांसह जाऊन ते पाणी प्याले तेव्हा त्यांनी कोणताही लिखित कायदा मोडला नव्हता. मोडली होती ती रूढी, आणि त्यानंतर हिंसा केली ती रूढीच्या रखवालदारांनी. पुढे डिसेंबरमध्ये दुसऱ्या सत्याग्रहासाठी हजारो लोक जमलेले असताना दिवाणी न्यायालयाचा तात्पुरता मनाई हुकूम आला, आणि बाबासाहेबांनी सत्याग्रह स्थगित केला. एका न्यायालयीन कर्मचाऱ्याला याहून मोठे उदाहरण माहीत नाही. तळ्याकाठी जमलेला, अपमान सोसलेला समुदाय न्यायालयाच्या कागदासाठी मागे फिरतो, आणि मग निकालाची वाट पाहतो. उच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला तो १९३७ मध्ये. कायद्याचा मान राखण्याची किंमत त्यांनी जवळपास दहा वर्षे मोजली. शांततामय प्रतिकार करणारे कायदा धाब्यावर बसवतात असे सभागृहात म्हणण्यापूर्वी आपण ही दहा वर्षे आठवावीत.

कायदाही अशा माणसांकडून काही घेत असतो. एखादे कलम न्यायाला धरून आहे की नाही हे न्यायालय आपणहून तपासत नाही. कोणीतरी त्याची झळ सोसून दारात यावे लागते. अमेरिकेतल्या माँटगोमेरी शहरात क्लॉडेट कॉल्विन ही १५ वर्षांची मुलगी मार्च १९५५ मध्ये गोऱ्या प्रवाशासाठी बसमधली जागा सोडत नाही म्हणून पकडली गेली. डिसेंबरमध्ये रोझा पार्क्स यांना अटक झाली आणि १० डॉलर दंड अधिक ४ डॉलर खर्च असा हुकूम झाला. त्यानंतर शहरातल्या कृष्णवर्णीयांनी ३८१ दिवस बसवर बहिष्कार घातला. कॉल्विनसह चार स्त्रियांनी लावलेल्या दाव्यात बसमधली विभागणी घटनाबाह्य ठरली आणि नोव्हेंबर १९५६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. त्या चौदा डॉलरांच्या जागी तीन वर्षांची कैद असती, तर त्या बसमध्ये कोण बसून राहिले असते? बिहारच्या चंपारण्यात १९१७ मध्ये जिल्हा सोडून जाण्याचा हुकूम गांधीजींनी मोडला आणि तसे न्यायालयात सांगितले. खटला मागे घेतला गेला, चौकशी समिती नेमली गेली, आणि पुढच्या वर्षी नीळ पिकवण्याची तीनकठिया सक्ती कायद्यानेच उठली.

अभ्यासकांचे आकडेही याच दिशेचे आहेत. एरिका चेनोवेथ आणि मारिया स्टीफन यांनी १९०० ते २००६ या काळातल्या ३२३ मोहिमा तपासल्या तेव्हा अहिंसक मोहिमांपैकी निम्म्याहून थोड्या अधिक यशस्वी झालेल्या दिसल्या, तर सशस्त्र मोहिमांपैकी साधारण एक चतुर्थांश. त्या मोहिमा राजवट उलथवण्यासाठी किंवा परकी सत्ता हटवण्यासाठी होत्या, त्यामुळे एखाद्या धोरणाविरुद्धच्या धरण्याला हे आकडे जसेच्या तसे लावू नयेत. पण समाजाला हानी कोणत्या वाटेने अधिक होते, याचा अंदाज त्यांतून नक्की येतो.

उद्या कोणीही उठून आपल्याला नको तो कायदा मोडेल, ही भीती खोटी नाही. १९५७ मध्ये अमेरिकेतल्या लिटल रॉक येथे नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना शाळेत शिरू न देण्यासाठी राज्याच्या गव्हर्नरने सैनिक उभे केले. शाळांतली वर्णानुसार विभागणी घटनाबाह्य ठरवणारा न्यायालयाचा निर्णय न जुमानणे हाही कायदेभंगच होता. पण तो सत्तेच्या बळावर केलेला होता, त्याची झळ मुलांना लागली, आणि करणाऱ्याने शिक्षा मागितली नाही. आपले नाव सांगणे, कोणावर हात न उगारणे आणि होईल ती शिक्षा भोगणे, या तीन गोष्टी ज्याच्याकडे आहेत त्याला आपण त्या गव्हर्नरपासून वेगळे ओळखू शकता. कायद्याच्या मसुद्यातही ते ओळखता यायला हवे. आणि शिस्तीची जबाबदारी चळवळीचीही आहे. फेब्रुवारी १९२२ मध्ये चौरीचौरा येथे जमावाने पोलीस ठाणे जाळले आणि वीसहून अधिक पोलीस मारले गेले, तेव्हा गांधीजींनी देशभरची चळवळच थांबवली. सहकारी संतापले, तरी थांबवली. जो नेता असे करू शकत नाही त्याने कायदेभंगाची हाक देऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्याकडे माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत. शांततेने कायदा मोडणाऱ्याला त्या कृत्याची जी शिक्षा इतर कोणालाही होईल तीच व्हावी. निषेधाच्या हेतूने ती वाढू नये, आणि अशी वाढ करणारी कलमे मागे घ्यावीत. मी माफी मागत नाही; पिशवी भरून आलेल्या त्या बायकांनीही ती मागितली नव्हती. हिंसा, मालमत्तेची नासधूस आणि शांततामय अडथळा यांची कलमे वेगळी असावीत आणि ‘उपद्रवा’सारख्या शब्दांची व्याख्या कायद्यातच असावी. ज्या आखणीत हिंसेचा मागमूस नाही तिला प्रत्यक्ष कृत्यापेक्षा मोठा गुन्हा ठरवू नये. शिक्षा ठरण्यापूर्वी आरोपीला आपले कारण न्यायालयात सांगता यावे आणि ते नोंदीत यावे. नागरिकांच्या अर्जांना आणि निवेदनांना ठरावीक मुदतीत लेखी, कारणांसह उत्तर देणे सरकारवर बंधनकारक करावे, कारण माझ्यासमोर आलेल्या बहुतेक सत्याग्रहींच्या कागदांत उत्तर न आलेल्या अर्जांच्या प्रती जोडलेल्या असत.

निदर्शकांच्या शिक्षा वाढवणारे पुढचे विधेयक आपल्या सभागृहात येईल तेव्हा मत देण्यापूर्वी संबंधित मंत्र्यांना कृपया एवढे विचारावे : हेच कृत्य निषेधाशिवाय कोणी केले तर आजच्या कायद्यात त्याला किती शिक्षा आहे? आणि ज्या मागणीसाठी हे लोक बसले, तिच्या किती अर्जांना आपल्या खात्याने उत्तर दिले? दोन्ही उत्तरे सभागृहाच्या कामकाजात नोंदवून घ्यावीत.

आपला विश्वासू,
न्यायालयातून निवृत्त झालेला एक कर्मचारी